हाताची घडी, तोंडावर बोट

आपल्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षण होतच नाही, अशी तक्रार दर वर्षी २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनाला नेमाने कानावर येते. तक्रार करणाऱ्यांनी शाळा नीट पाहिलेली नाही. शारीरिक शिक्षण होतं, रोज होतं, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत होतं आणि त्याचा निकाल शंभर टक्के लागतो. ते मैदानावर होत नाही, बाकावर होतं, म्हणून लक्षात येत नाही इतकंच. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे आसन पतंजलीला ठाऊक नव्हतं, पण मराठी शाळेतल्या पहिलीच्या कुठल्याही मुलाला ते येतं. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट कुठून आणायचं, हा शरीरशास्त्रातला पेच सहा वर्षांचं पोर पहिल्या आठवड्यात सोडवतं. पुढे सराव चालू राहतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीला किमान १००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. आठ वर्षांची बेरीज सात हजार तास होते आणि त्यातले बहुतेक तास मूल बसलेलं असतं. एकाच कौशल्याचा इतका सराव केल्यावर त्यात प्रावीण्य येणारच. शरीराला जे पुन्हा पुन्हा करायला लावावं, तेच ते शिकतं. त्याला वाचता येत नाही आणि फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही. आरोग्य, सुरक्षितता आणि व्यायाम हे तिन्ही विषय आपण कानांना सांगतो आणि वहीत लिहून घेतो. त्याच वेळी शरीर मात्र नेमकं उलटं शिकत असतं. सगळा घोटाळा इथेच आहे.

वेळापत्रकात पी.टी.चा तास असतो, याबद्दल वाद नाही. तो बहुधा दिवसाच्या अखेरीला असतो, कारण सकाळचं ताजं डोकं गणिताला लागतं आणि पी.टी.ला उरलंसुरलं शरीरही चालतं. या तासाचा मुख्य उपयोग राखीव निधी म्हणून होतो. भूमितीचं एक प्रमेय राहिलं, विज्ञानाच्या वह्या तपासायच्या राहिल्या, घटक चाचणी तोंडावर आली, की त्यातून उचल करायची. गणिताच्या सरांनी पी.टी.चा तास मागून घेतल्याची उदाहरणं शाळाशाळांत सापडतील, पण ‘खो-खोचा सराव राहिलाय, आज तुमचा बीजगणिताचा तास द्या’ असं म्हणणारे पी.टी.चे सर अजून जन्माला यायचे आहेत. त्यांना तेवढी उसंतही नसते. प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं, उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी अडवणं, केस वाढलेल्यांची यादी करणं, स्नेहसंमेलनात शिट्टी नेमकी कोणी मारली ते शोधणं आणि सहलीच्या बसमध्ये मुलं मोजणं, ही सगळी कामं त्यांच्याकडे. शिट्टी वाजवायचा अधिकार असलेला शाळेतला एकमेव माणूस ती खेळापेक्षा कोतवालीसाठीच जास्त वाजवतो. बाकी वर्षभराचा व्यायाम कॅलेंडरवर वाटून दिलेला असतो. २१ जूनला योगदिन येतो, तेव्हा शाळा उघडून जेमतेम आठवडा झालेला असतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे तिथे कित्येक वर्षी योगदिन शाळेच्या आधीच उरकतो. मग १५ ऑगस्टचं संचलन आणि हिवाळ्यात क्रीडा महोत्सव. त्यातला सर्वांत लोकप्रिय खेळ संगीत खुर्ची. जो बसला तो जिंकला आणि जो उभा राहिला तो बाद, असा नियम असलेला हा खेळ शाळेच्या एकूण धोरणाशी इतका सुसंगत आहे, की तो कोणा शिक्षणाधिकाऱ्याच्याच डोक्यातून निघाला असावा, अशी शंका येते.

एरवी शरीर हलवण्याची संधी शाळेत कधी मिळते? चूक झाल्यावर. गृहपाठ विसरलात, काढा वीस उठाबशा. वर्गात बोललात, मारा मैदानाला पाच चकरा. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे, तरी ‘ही शिक्षा कुठे, हा तर व्यायाम’ असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतोच. युक्तिवाद करणाऱ्याच्या लक्षात येत नाही, की त्याने एका वाक्यात दोन गोष्टी कबूल केल्या. उठाबशा हा उत्तम व्यायाम आहे, ही पहिली. तो आपण फक्त गुन्हेगारांना देतो, ही दुसरी. बक्षीस म्हणून काय मिळतं, तेही पाहावं. हुशार मुलाला शाबासकी म्हणून पहिल्या बाकावर बसवतात. दहा वर्षं हे पाहिलेल्या मुलाच्या मनात पक्कं बसतं, की शहाणी माणसं बसतात आणि धावतो तो कुठेतरी चुकलेला असतो. पुढे चाळिशीत डॉक्टर रोज चाळीस मिनिटं चालायला सांगतात, तेव्हा भल्याभल्यांचा चेहरा अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा होतो. आपण काय गुन्हा केला, हाच प्रश्न त्यावर असतो. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत जिमचा रस्ता टाळणाऱ्या सज्जनांनाही नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिक्षेचा दंड भरला की शिक्षा भोगावी लागत नाही, हे ते शाळेतच शिकलेले असतात.

व्यायामाचं हे असं, तर आरोग्यशिक्षण त्याहून एक पाऊल पुढे आहे. ते पूर्णपणे लेखी आहे. हात कसे धुवावेत याचा सचित्र तक्ता शाळेच्या भिंतीवर असतो. १५ ऑक्टोबरला हात धुण्याचा जागतिक दिवस साजरा होतो आणि त्यावर निबंध स्पर्धा होते. नळाला पाणी असेलच असं नाही. साबण कावळा पळवतो म्हणून जाळीत बांधून टांगलेला असतो, आणि कधीकधी जाळीच शिल्लक असते. पण निबंध सुवाच्य अक्षरात येतात. प्रथमोपचाराचंही तेच. ‘भाजल्यास कोणता प्रथमोपचार कराल?’ हा दोन गुणांचा प्रश्न. मुलगी बरोबर उत्तर लिहिते, पैकीच्या पैकी गुण घेते आणि घरी आईचा हात तव्याला लागला, की धावत जाऊन टूथपेस्ट आणते. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं गार पाण्याची धार धरायची असते. उत्तर लिहायला दोन मिनिटं पुरली, म्हणून वीस मिनिटं म्हणजे केवढी, हे हाताला कळलेलंच नसतं. नाकातून रक्त आलं की मान मागे टाकायची, फीट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवायची आणि साप चावला की करकचून आवळपट्टी बांधायची, ही आपली खरी पाठ्यपुस्तकं. प्रत्यक्षात मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा असतो. फीट आलेल्याला कुशीवर वळवायचं असतं आणि तोंडात काही घालायचं नसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या दंशावर आवळपट्टी आणि ब्लेडची चीर दोन्ही घातक, तो अवयव न हलवता सरळ रुग्णालय गाठायचं. अशा प्रश्नांना आपल्या विद्यार्थ्यांचं एक हुकमी उत्तर असतं : ‘रुग्णाला धीर द्यावा.’ त्याला अर्धा गुण मिळतो. प्रत्यक्ष प्रसंगी आपण तेवढा अर्ध्या गुणाचाच उपचार करतो. आणि विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आला, की ‘हा भाग घरी वाचून या’ असं सांगून तास मोकळा होतो. शाळेने घरावर टाकलेला तो एकमेव धडा, आणि घर तो परत शाळेवर ढकलतं.

सुरक्षिततेच्या शिक्षणात तर शिस्तीचा कळस असतो. आग लागल्यावर काय करायचं याची रंगीत तालीम शाळेत होते, पण ती कधी होणार हे आठ दिवस आधी सूचनावहीत फिरतं. त्या दिवशी आग पाहुण्यांची वाट बघत थांबते. घंटा होते, मुलं उंचीप्रमाणे रांग लावतात, दप्तर घेऊ का म्हणून विचारतात आणि जिन्यातून हळूहळू, न बोलता उतरतात. अग्निशामक नळकांडं काचेच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली कार्यालयात असते. पिन ओढायची, नळी ज्वाळांकडे न धरता आगीच्या बुडाशी रोखायची आणि मूठ दाबायची, एवढी तीन कामं एकाही मुलाने हाताने केलेली नसतात. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये शाळांना अग्निसुरक्षेची साधनं आणि प्रशिक्षण बंधनकारक केलं. साधनं आली, कारण साधनांची पावती मिळते. प्रशिक्षणाची पावती मुलांच्या अंगात असते आणि ती फायलीला लावता येत नाही. याहून मोठी विसंगती दुसरीच आहे. व्हरांड्यात ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असा फलक असतो, खाली १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक असतो आणि धोका वाटला तर मोठ्याने ओरडा, ‘नाही’ म्हणा, पळा, असा सल्ला असतो. सल्ला अगदी योग्य आहे. पण त्याच व्हरांड्यात मोठ्याने बोलायला बंदी, पळायला बंदी आणि मोठ्यांना ‘नाही’ म्हणणं हा उद्धटपणा. जे तीन गुण मुलाला वाचवणार, त्या तिन्हींबद्दल त्याने आधी शिक्षा भोगलेली असते. तोंडावर ठेवलेलं बोट संकटाच्या वेळी आपोआप खाली येईल, असं गृहीत धरायला फारच भाबडा आशावाद लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो जागेचा. शहरात शाळेला मैदानच नाही, तर मुलांनी हालचाल करायची कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, पण परिशिष्टात धावता येत नाही, हे खरं. तरी हे कारण निदान महाराष्ट्राने देऊ नये. एका खांबावर अख्खं शरीर कमवायची कला या प्रांतात वाढली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. एका खांबाला लागते त्याहून कमी जागेची मागणी आजवर कुठल्याही व्यायामाने केलेली नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर सतरंजीएवढ्या जागेवर समाधानी होते. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, स्वतः घातले आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. राजाने आधी घाम गाळून मग प्रजेला सांगितलं, हा त्यातला भाग शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत अजून उतरलेला नाही. लंगडीला चौकोन पुरतो आणि खो-खोला तर आठ जणांनी ओळीत बसावंच लागतं, म्हणजे शाळेच्या मूळ धोरणालाही धक्का नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. बर्लिनला पोचलेली कबड्डी शाळेच्या गच्चीवर पोचत नसेल, तर अडचण जागेची म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की मुलांची हालचाल होतच असते. मणाचं दप्तर घेऊन ती तीन जिने चढतात, खेड्यातली मुलं मैलोनमैल चालतात, मग वेगळा तास कशाला? दप्तराबद्दल केंद्राच्या २०२०च्या धोरणात ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये असं म्हटलं आहे. त्यामुळे शाळेतला वजन उचलण्याचा हा एकमेव क्रीडाप्रकारही नियमबाह्य आहे. हालचालीबद्दल सांगायचं, तर जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमदार हालचाल हवी असं सांगते. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९मध्ये १४६ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा ते सतरा वयाची जगातली ८१ टक्के मुलं यात कमी पडत होती आणि भारतातली जवळजवळ तीन चतुर्थांश. आपण जगापेक्षा किंचित बरे, असं म्हणून कोणी पेढे वाटण्याआधी त्याची कारणं पाहावीत. मुलांच्या बाबतीत क्रिकेटचं वेड आणि मुलींच्या बाबतीत घरकाम, असा संशोधकांचा अंदाज होता. म्हणजे आपल्या मुलांच्या तब्येतीचं श्रेय गल्लीतल्या टेनिस बॉलला आणि मुलींच्या तब्येतीचं खरकट्या भांड्यांना. दोन्हींत शाळेचा वाटा शून्य. शिवाय कष्ट म्हणजे शिक्षण नव्हे. दोन हंडे उचलणाऱ्या मुलीला पाठ न वाकवता ते उचलायचे कसे, हे कोणी सांगितलं तर ते शारीरिक शिक्षण. नाहीतर तो तिच्या मणक्यावरचा अत्याचार.

तिसरे आक्षेपक जरा अभिमानी असतात. आमच्या शाळेची मुलं कबड्डीत जिल्ह्याला पहिली आली, आम्हाला काय सांगता, असं ते विचारतात. अभिनंदन. पण त्या संघात सात मुलं खेळतात आणि उरलेली सातशे टाळ्या वाजवतात. क्रीडा आणि शारीरिक शिक्षण यांची गल्लत आपल्याला फार आवडते, कारण तिच्यामुळे सात जणांच्या घामावर सातशेंचा अहवाल लिहिता येतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. आता त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, आपण राज्य क्रीडा दिन पाळतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं. मधली बहात्तर वर्षं महाराष्ट्राची वैयक्तिक पदकाविना गेली याचं दुःख आपण करतो, ते करावं. पण त्या बहात्तर वर्षांत जी कोट्यवधी मुलं पदकाच्या वाटेला कधी जाणारच नव्हती, त्यांना जिना चढताना धाप का लागते, याचं दुःख कोणी करत नाही. मराठी सगळ्यांना शिकवतो, सगळे लेखक होणार म्हणून नव्हे. शरीर तर सगळ्यांनाच असतं, ऑलिंपिकला न गेलेल्यांनाही.

चौथा आक्षेप उपायाच्या रूपात येतो आणि तो सर्वांत धोक्याचा : या विषयाला गुण द्या, म्हणजे सगळे गंभीर होतील. आज दहावीच्या गुणपत्रिकेत आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणी असते आणि ती बहुतेकांना बसल्या जागी मिळते. तिच्याऐवजी शंभर गुण ठेवले, तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. जूनमध्ये क्लासच्या पाट्या लागतील, सप्टेंबरमध्ये गाईड येईल, ‘लंगडीची व्याख्या लिहून तिचे चार फायदे सांगा’ हा प्रश्न तीनदा येऊन गेला म्हणून तारांकित होईल आणि मुलं ते फायदे बसून पाठ करतील. जिथे कागदाला किंमत येते तिथे शरीर मागे पडतं. खेळाडूंसाठीच्या राखीव नोकऱ्यांकरिता बनावट क्रीडा प्रमाणपत्रं काढल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीला आली आहेत. तेव्हा गुण नकोत, पुस्तक तर अजिबात नको. नववी-दहावीला २०२०पासून ‘जलसुरक्षा’ विषयाचं पुस्तक आहे. पाणी कसं वाचवायचं ते त्यात आहे, पाण्यात पडल्यावर स्वतःला कसं वाचवायचं ते शिकवायला पुस्तक पुरणारही नाही. त्यापेक्षा ‘उत्तर लिहा’ हे दोन शब्द या विषयापुरते खोडून ‘करून दाखवा’ असं लिहावं. शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने न थांबता एक किलोमीटर धावून दाखवावं, पाण्यात पाच मिनिटं तरंगून दाखवावं आणि नळाखाली वीस मिनिटं हात धरून दाखवावा. अग्निशामकाची पिन ओढावी, १०८ला फोन करून पत्ता नीट सांगायचा सराव करावा आणि हृदय बंद पडल्यावर देतात तसा पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या लयीत दाब द्यावा. लेझीम खेळलेल्या हातांना लय वेगळी शिकवावी लागणार नाही. जमलं नाही तर नापास करू नये, पुन्हा करायला लावावं. खर्च पुतळ्याचा आणि पाण्याचा. शिक्षकही नवे नकोत, आहेत त्यांना फाटकावरून आणि केसांच्या यादीतून सोडवलं तरी पुरे.

शेवटचा आक्षेप प्रेमापोटी येतो : धावताना पडला, पोहताना बुडाला, चढताना हात मोडला तर जबाबदार कोण? काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर चांगला शिक्षक, मऊ माती आणि भरलेली प्रथमोपचार पेटी हे आहे. पण ही काळजी करणारे पालक सकाळी पावणेअकराला शाळेच्या फाटकाशी पाहावेत. स्कूटरवर पुढे एक मूल उभं, मागे एक बसलेलं, दोन्ही दप्तरं हँडलला आणि फोन कानाला. शेजारच्या रिक्षात मुलं आत आणि दप्तरं बाहेर लटकलेली. मोटार वाहन कायद्याने २०१९च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं आहे, आणि मुलाला खो-खोत गुडघा फुटेल म्हणून घाबरणाऱ्या या मंडळींच्या घरात मुलाच्या मापाचं हेल्मेट नसतं. मैदानावरचा धोका त्यांना दिसतो, कारण तिथे मूल हलत असतं. गाडीवर ते गुपचूप बसलेलं असतं, आणि बसलेलं मूल सुरक्षित, असं त्यांनाही त्यांच्या शाळेने शिकवलेलं आहे. म्हणून या विषयाची खरी परीक्षा वर्गात घेताच येणार नाही. एखाद्या सकाळी दुसरीतलं पोर ‘हेल्मेट आणल्याशिवाय मी गाडीवर बसणार नाही’ म्हणून भर रस्त्यात मोठ्या आवाजात अडून बसेल, तेव्हा शाळेने आरोग्य, सुरक्षितता आणि शारीरिक शिक्षण तिन्ही शिकवलं, असं समजावं. पुरावा शोधावा लागणार नाही. पुढच्याच पालकसभेत लेखी तक्रार येईल, की शाळेत हल्ली अभ्यास सोडून मुलांना भलतंच काहीतरी शिकवतात.